जागनाम

“पूर्ण नाव सांग, मित्रा. मागच्या ओळीतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे.”

वडिलांचा हा आवाज इतक्या वर्षांनंतरही संघमित्राच्या कानात तसाच होता, खरखरीत आणि ऊबदार. उदगीरकडच्या गावागावांतून गौतम वाघमारे जलसे करत. पेटीवाला सूर लावत असला की ते लेकीला पुढं उभी करायचे आणि नाव सांगायला लावायचे. ती दबकत ‘संघमित्रा’ म्हणायची. ते मान हलवायचे. मग ‘संघमित्रा गौतम’. पुन्हा मान. तिसरा शब्द आला की ढोलकीवर थाप पडायची आणि मगच गाणं सुरू. ती थाप पोरीच्या अंगात अशी मुरली, की पुढं कुठंही पूर्ण नाव सांगताना तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

तोरणमाळच्या पठारावरच्या शीतनिद्रा केंद्रात डॉ. नफीसा मुकादम यांनी तिच्या डोक्याला तारांची जाळी बसवली आणि तिचं नाव उच्चारलं, तेव्हाही ती तशीच ताठ झाली. समोरच्या फलकावर हिरवी रेघ जराशी उठली, थबकली आणि मग अशी उसळली की फलकाची वरची कड ओलांडून गेली.

“बाई गं,” मुकादम चष्मा कपाळावर सारत म्हणाल्या, “तुझ्यासाठी फलक मोठा मागवावा लागणार. चल, ऊठ. आता पेंडसे.”

शाल्मली पेंडसे खुर्चीत बसली. यानात भाजी, डाळी आणि ताजी हवा पिकवायची जबाबदारी तिची. त्यामुळं तिच्या नखांत कायम माती असायची. ती आणि संघमित्रा एका घरात राहायला लागून बरीच वर्षं झाली होती. गेल्या हिवाळ्यात दोघींनी लग्नाची नोंदणी करायचं ठरवलं होतं, आणि त्यानंतर गुरूच्या गॅनिमीड या चंद्राकडे निघणाऱ्या यानात जोडीनं जायचं होतं. त्या प्रवासात बहुतेकांनी थंड कुपीत निजायचं, आणि मोजक्या माणसांनी आळीपाळीनं जागं राहून राखण करायची. पूर्वी गावात रात्रीची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत. केंद्रानं तोच शब्द उचलला होता. संघमित्रा जागल्या होती. शाल्मली निजणारी.

“शाल्मली पेंडसे,” मुकादम यांनी हाक मारली.

हिरवी रेघ उठली, थबकली. मग पातेल्यातलं दूध उतू जायच्या आधी नुसतं थरथरतं तशी थरथरली आणि खाली बसली.

“एवढीच?” शाल्मलीनं मान वळवून विचारलं.

“एवढीच. आणि नवल करू नकोस, बायकांची बहुतेक एवढीच असते. ही वाघमारे अपवाद.” मुकादम यांनी स्टूल ओढून घेतलं. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या ह्या बाई, समजावून सांगायची वेळ आली की हात पुसून नीट बसायच्या. “शीतनिद्रेतून माणसाला उठवायचं म्हणजे आधी उबवणी. कुपी हळूहळू गरम करायची. शरीर उठतं, त्याचं काही अवघड नाही. अवघड आहे ते आतल्या माणसाला उठवणं. दुपारी गाढ झोपून उठल्यावर क्षणभर आपण कुठं आहोत ते कळत नाही ना? तो क्षण थंडीत लांबतो. कुणाचा तासभर लांबतो, कुणाचा जन्मभर. त्याला आम्ही जागभ्रम म्हणतो.”

“ढवळे,” संघमित्रा हळूच म्हणाली.

ढवळे केंद्रात सगळ्यांना माहीत होते. पहिल्या चाचणीत निजलेले, ठणठणीत शरीरानं उठलेले. बोलणं-चालणं सगळं नीट. फक्त बायकोनं चहा पुढं केला की ‘आभारी आहे, ताई’ म्हणायचे, आणि पाहुण्यानं ठेवावा तसा कप विसळून पालथा घालून ठेवायचे.

“ढवळेंच्या वेळी आम्हाला लहरींचं कळलं नव्हतं,” मुकादम म्हणाल्या. “आता कळलंय. नावाच्या हाकेला मेंदूत दोन लहरी उठतात. ‘शाल्मली’ म्हटलं की पहिली, कान टवकारल्याची. शाल्मली जगात पुष्कळ आहेत हे मेंदूला ठाऊक असतं, तो पुढच्या शब्दाची वाट बघतो. आडनाव आलं आणि ते आपलं असलं की दुसरी. तिला आम्ही ओ-लहर म्हणतो. अंगणातून हाक आली की आतून आपण ओ देतो, तीच ओ. तोंडानं द्यायच्या आधी मेंदूनं दिलेली. त्या लहरीच्या माथ्यावर औषध सोडलं की माणूस स्वतःला घेऊन जागा होतो. लहर नसेल तर औषध नुसतं शरीराला मिळतं.”

“पण माझं आडनाव माझंच आहे की. मग लहर का नाही?”

“लहानपणी तुला काय सांगितलं होतं घरी?”

शाल्मली हसली. “आत्या म्हणायची, आडनावाचं एवढं काय, तुझं पुढं बदलायचंच आहे.”

“तेच. मुलींच्या अंगावर आडनाव भाड्याच्या भांड्यासारखं असतं, परत द्यायचं आहे हे ठाऊक असतं. मेंदू त्याला घट्ट धरत नाही.” मुकादम यांनी जाळी सोडवली. “घाबरू नकोस. कुठलंही आडनाव रुजवता येतं. तुमची नोंदणी व्हायचीच आहे, एक ठरवा. तेच तुझं जागनाम.”

“मग मित्राचंच लावते,” शाल्मली खुर्चीतून उठता उठता म्हणाली. अगदी सहज, भाजीत मीठ घालू का विचारावं तसं.

“नको,” संघमित्रा म्हणाली.

ते इतक्या लगेच आलं की जाळी गुंडाळणारे मुकादम यांचे हात थांबले. मग संघमित्रानंच सावरून घेतलं. “म्हणजे बघ ना. आपण दोघी बायका. त्यातही एकीनं आपलं पुसायचं आणि दुसरीचं लावायचं? मग आपल्या आयांनी केलं त्यात आणि ह्यात फरक काय? नवं घेऊ. दोघींचं, सारखं.”

शाल्मलीनं तिच्याकडे बघितलं. काही विचारायचं होतं बहुधा. मग म्हणाली, “बरं. नवं घेऊ.”

नवं आडनाव शोधणं हा पुढचे काही आठवडे त्यांच्या घरातला खेळ झाला. दोन्ही जोडायची म्हटलं तर आधी कुणाचं, ह्यावर दोघी एकमेकींना पुढं ढकलत राहिल्या. गावावरून घ्यायचं तर कुठल्या? जन्मगावं दोन, आणि चालल्या होत्या भलतीकडेच.

“गुरूकर,” शाल्मली कणीक मळताना म्हणाली.

“लोक पाया पडतील. दक्षिणा मागायला लागशील.”

“यान शनीकडे नाही चाललं हे नशीब. शनीकर म्हटल्यावर दारात येऊन तेल ओतलं असतं.”

अडचण खरी वेगळीच होती. मराठीत कुठलंही आडनाव उच्चारा, ऐकणारा मनातल्या मनात एक शिडी लावतो आणि बोलणाऱ्याला एका पायरीवर बसवून मोकळा होतो. पूर्वी तोंडावर विचारत. आता ‘मूळचे कुठले तुम्ही’ म्हणतात, एवढाच काय तो बदल. ह्या दोघींना अशा जागी उभं राहायचं होतं जिथं शिडीच पोचत नाही. शेवटी एका पहाटे रोपांना पाणी घालून आलेली शाल्मली दारातूनच म्हणाली, “उगवते.” संघमित्रानं ते दोनदा म्हणून बघितलं. शाल्मली उगवते. संघमित्रा उगवते. छान होतं. कोवळं होतं. केंद्राच्या कार्यालयात सांगितलं तेव्हा तिथल्या माणसानं लिहून घेतलं आणि मान वर करून विचारलं, “उगवते म्हणजे... मूळचे कुठले?” त्या संध्याकाळी दोघी पोट धरून हसल्या.

मुकादम मात्र हसल्या नाहीत. “नाव गोड आहे. पण एक लक्षात ठेवा, ओ-लहर घोकून येत नाही. आम्ही करून बघितलंय. दिवसभर कानात नाव वाजवलं तरी काही होत नाही. काम असलेली हाक लागते. हाक मारणाऱ्याचं लक्ष कामावर, ओ देणाऱ्याचंही लक्ष कामावर, आणि नावाकडे दोघांचंही लक्ष नाही. अशा वेळी ते आत उतरतं. म्हणून तर नवऱ्यानं लाडानं हाक मारलेल्या नावापेक्षा शाळेतल्या हजेरीचं नाव पक्कं असतं.”

“आम्ही घरी हाक मारू की कामासाठी,” संघमित्रा म्हणाली.

आणि त्यांनी मारली. न्हाणीतून “अहो उगवतेबाई, टॉवेल” अशी हाक यायची, आणि उगवतेबाई टॉवेल घेऊन जाताना हसत असायच्या. “उगवते, गॅस बंद कर” म्हणताना म्हणणारीचाच सूर बदलायचा, नाटकातल्यासारखा व्हायचा. जुनं आडनाव चुकून कुणाच्या तोंडून निघालं तर भांडी तिच्या वाट्याला. दोघींना वाटत होतं, केवढी मेहनत घेतोय आपण. खरं तर ते नाव एकदाही कुणाच्या लक्षातून निसटलं नव्हतं. दोघी त्याला तळहातावर घेऊन बसल्या होत्या, आणि तळहातावर काही रुजत नाही.

जागेपणीच्या तपासणीत ‘शाल्मली उगवते’ म्हटल्यावर ओ-लहर चांगली उंच आली. केंद्राच्या समितीनं संमती दिली. मुकादम यांनी तोंड वाकडं केलं. “जागेपणी मेंदू लबाड असतो. आवडत्या शब्दाला टाळ्या वाजवतो. थंडीत टाळ्या वाजत नाहीत.” पण उंची पुरेशी होती, नियम पाळला गेला होता, आणि प्रवासाआधी केंद्रातच घ्यायची ही चाचणीची निद्रा काही महिन्यांचीच होती. त्यांनीही सही केली.

निजायच्या दिवशी शाल्मली पांढऱ्या अंगरख्यात कुपीच्या काठावर बसली. नखांतली माती पहिल्यांदाच निघाली होती, तिचं तिलाच चुकल्यासारखं होत होतं. जिऱ्याच्या रोपांना किती पाणी, कुठल्या वाफ्याला सावली, सगळं तिसऱ्यांदा सांगून झालं.

“उखाणा घे, मग झाकण लावते,” मुकादम म्हणाल्या. “आमच्यात नसतो म्हणून काय झालं, मला भारी आवडतो.”

शाल्मलीनं एक क्षण विचार केला.

“थंड कुपीत निजते, वरती काचेचं झाकण,
मित्राचं नाव घेते, जिच्या डोळ्यांत राखण.”

“यमक जुळवायला झाकण बरं सापडलं,” संघमित्रा म्हणाली. तिचा आवाज बरोबर नव्हता. मग काच खाली आली, काचेवर दव धरलं, आणि दवामागे शाल्मलीचा चेहरा पहाटेच्या तळ्यासारखा निश्चल झाला.

ती निद्रा चालू असताना संघमित्रा रोज कुपीपाशी बसायची. राखण हे तिचं कामच होतं. रोपं जगली. जिरं जरा पिवळं पडलं. दिवस थंडीचे होते; पठारावर धुकं गुरांसारखं उतरायचं, चरायचं आणि उन्हं चढली की निघून जायचं.

उबवणीच्या दिवशी दुपारी आकाश स्वच्छ होतं. कुपीचं तापमान हळूहळू चढलं. हृदय ठरल्याप्रमाणे वेग घेऊ लागलं. फलकावर शाल्मलीच्या मेंदूची रेघ, इतके महिने जवळजवळ सपाट असलेली, श्वास घेतल्यासारखी हलू लागली. मुकादम यांनी औषधाच्या कळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

आवाज आत-बाहेर नेणाऱ्या कुपीच्या श्रवणनळीवर संघमित्रा वाकली. “शाल्मली उगवते.”

पहिली लहर आली. कान टवकारले गेले होते. मेंदू पुढच्या शब्दाची वाट बघत थांबला. शब्द त्याच्यापाशी पोचला, आणि रेघ सपाट झाली.

“पुन्हा.”

“शाल्मली उगवते.”

पुन्हा तसंच. ओळखीच्या दारावर थाप पडावी, आतल्यानं उठून यावं, बाहेरच्याकडे बघावं आणि शांतपणे दार लावून घ्यावं, तसं.

“जुनं घे,” मुकादम म्हणाल्या.

“शाल्मली पेंडसे.”

थरथर झाली. पहिल्या दिवसापेक्षाही बारीक. मुकादम यांचं बोट कळीवर घट्ट झालं, मग सैल पडलं. “नाही. ह्याच्यावर सोडलं तर ढवळे होईल.”

“मग उबवणी थांबवा. परत थंड करा.”

“वाघमारे, तू जागल्या आहेस, मला काय विचारतेस?”

संघमित्राला माहीत होतं. सुरू झालेली उबवणी उलटवता येत नव्हती. मेंदूच्या पेशी पुन्हा गोठणं सोसत नाहीत. शरीर आता आपल्या पायांनी वर येत होतं. हृदय चढत होतं. थोड्याच वेळात शाल्मली डोळे उघडणार होती. नावाशिवाय उघडले तर कदाचित उठून बसेल, रोपांची चौकशी करेल, आणि संघमित्रानं पाणी दिलं की ‘आभारी आहे, ताई’ म्हणेल.

“मी तिला शालू म्हणते घरी. ते लावून बघू?”

“ती पहिल्या लहरीची हाक. जवळिकीचं नाव तिथंच अडतं, दुसरी उठत नाही. मला आडनाव पाहिजे, ज्याला ती ओ देते.” मुकादम यांनी डोळे मिटले. वर्गात अवघड गणित फळ्यावर लिहून मुलांकडे पाठ करून उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. “मी मूर्ख आहे. काम असलेली हाक, असं मीच सगळ्यांना सांगत फिरते. तिला ती हाक कोण मारतं? केंद्रात?”

“केंद्रात सगळे शाल्मलीच म्हणतात. वाफ्यात एकटीच असते.”

“आणि घरी? तू सकाळी निघतेस, ती दुपारी घरी असते. दारावर माणसं येतात. दूध, गॅस, सामान. तुमचं घर कुणाच्या नावावर मिळालंय?”

“माझ्या.”

“पाटी?”

“माझीच. तेव्हा ती नुकतीच आली होती, मग बदलायची राहून गेली.”

“मग दारावरची माणसं तिला काय म्हणतात?”

संघमित्रानं कुपीच्या तापमानाचा आकडा पुन्हा वाचला.

“मी विचारतेय तुला.”

“मी घरात नसते तेव्हा. मला नाही माहीत. तिनं सांगितलं असेल ना त्यांना. मी पेंडसे, म्हणून.”

“सांगितलं असेल किंवा नसेल. हाक मारून बघायची.”

“नको.”

मुकादम यांनी तिच्याकडे वळून बघितलं. ही मुलगी संकटात हात-पाय गाळणारी नव्हती. आता मात्र तिनं श्रवणनळीवरून हात काढून घेतला होता, आणि फलकाकडे बघायचं टाळत होती. फलकावर ज्याचं उत्तर दिसेल असा एक प्रश्न तिनं आयुष्यात कधी विचारला नव्हता, आणि आता तो चारचौघांत, हिरव्या रेघेत, कायमचा उमटणार होता. रेघ सपाट राहिली तर दोन गोष्टी एकदम जाणार होत्या, शाल्मली आणि त्या न विचारलेल्या प्रश्नातली आशा.

“संघमित्रा,” मुकादम पहिल्यांदाच आडनाव सोडून म्हणाल्या, “तुझं काय आहे ते तू नंतर बघ. ती वर येतेय. आणि नाव वाचून दाखवू नकोस. हाक मार.”

संघमित्रा वाकली. पाठ ताठ झाली नाही. उलट वाकली, इतकी की कपाळ काचेला टेकलं. ते दोन शब्द तिनं एकमेकांशेजारी कधी ठेवले नव्हते. एकटी असतानाही नाही.

“शाल्मली वाघमारे,” ती म्हणाली. आणि मग, हाक वाटावी म्हणून, “आहेत का घरात?”

पहिली लहर. थबकणं.

आणि रेघ उसळली. फलकाच्या कडेला जाऊन आदळली, तिथंच थरथरत राहिली. मुकादम यांनी कळ दाबली.

काचेवरचं दव ओघळू लागलं. आत पापण्या हलल्या, ओठ हलले, आणि श्रवणनळीतून घोगरा, झोपाळलेला, थोडा वैतागलेला आवाज आला.

“ओ. आले, आले. सीताफळं पिकलेलीच दे हं बाई, मागच्या वेळी सगळी दगड निघाली.”

मुकादम यांनी तोंड फिरवलं आणि चष्मा पुसायला घेतला.

संध्याकाळपर्यंत शाल्मलीच्या सगळ्या तपासण्या पार पडल्या. तिला आत्याचं नाव आठवत होतं, वाफ्यांचे क्रमांक आठवत होते, उखाणा आठवत होता. जिऱ्याला पाणी जास्त झालं हे तिनं एक पान चुरडून ओळखलं. मुकादम जाता जाता एवढंच म्हणाल्या, “समितीला मी काय लिहू ते तुम्ही दोघी मिळून सांगा. मला घाई नाही.” आणि दार ओढून घेऊन गेल्या.

खोलीत तिरकं ऊन होतं. शाल्मली उशीला टेकून पेजेचा वाडगा दोन्ही हातांत धरून बसली होती. संघमित्रा खुर्चीत होती, पलंगापासून जरा लांब.

“कधीपासून?” संघमित्रानं विचारलं.

“काय कधीपासून?”

“तुला माहीत आहे.”

शाल्मलीनं पेज फुंकली. “पहिल्या वर्षीच. सीताफळवाली यायची, पाटी वाचून घ्यायची शेजारच्या पोराकडून, आणि खालून ओरडायची, वाघमारेबाई. मी पहिल्यांदा सांगितलं तिला, मी पेंडसे म्हणून. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वाघमारेबाई. गॅसवाला तेच, सुतार तेच. दर वेळी कुणाला इतिहास सांगत बसू? ओ द्यायला लागले. आधी कंटाळ्यानं. मग सवयीनं.”

“त्यांना कळायचा ना, ह्या आडनावाचा अर्थ?”

“काहींना कळायचा. पाण्याच्या टाकीचं बघणारा एक होता, मला वाघमारेबाई म्हणायचा आणि पाणी मागायला शेजारी जायचा. एकदा मी तांब्या त्याच्यापुढं केला, तर म्हणाला तहान नाही. उन्हात उभा होता, घाम पुसत.” ती थांबली. “तेव्हा सांगता आलं असतं त्याला, की मी ती नाही. ओठांवर आलंही होतं. नाही सांगितलं. तांब्या घेऊन आत आले आणि नंतर कितीतरी वेळ रडले. तुझ्यासाठी रडतेय असं वाटलं होतं. मग कळलं, माझ्यासाठीच.”

“मला का नाही बोललीस?”

“तू नको म्हणाली होतीस.”

“ते अलीकडे. ते निजायच्या आधी, मुकादमांसमोर. ह्या सगळ्या वर्षांत का नाही?”

“तेव्हा पहिल्यांदा नाही, मित्रा. तू कायमच नको म्हणायचीस. कुणी चुकून मला वाघमारे म्हणालं की तू हसून लगेच दुरुस्त करायचीस, ह्या पेंडसे. माझ्यासमोर दहा वेळा केलंस. मला वाटलं, ते तुझं आहे आणि तुला ते वाटून द्यायचं नाही. हक्क होता तुझा. मग मी आपली दुपारची, तू नसताना, वाघमारे. चोरून पेरू खावा तशी. उगवतेला मी हो म्हणाले ना? मनापासून म्हणाले. मला वाटलं हेही रुजेल.”

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं, चाकाचा आवाज लांबत गेला. संघमित्रा उठली. खुर्ची पलंगाशी ओढली. बसली नाही.

“मी हॉस्टेलला होते ना लातूरला,” ती म्हणाली, “तेव्हा आमच्या मेसमध्ये माझं ताट वेगळं ठेवलं होतं. कुणी ठेवलं ते जाऊ दे. पोरी चिडल्या. चांगल्या होत्या गं, खरंच चिडल्या. सगळ्यांनी ठरवलं, आजपासून आपण सगळ्या वाघमारे. ओढणीला चिठ्ठ्या लावल्या. कुलकर्णी वाघमारे, जाधव वाघमारे, सगळ्या. कॉलेजात गेल्या तशाच. आठवडाभर मी नुसती बघत होते. मला वाटलं, आता मी कधी एकटी पडणार नाही. मग परीक्षा आली. चिठ्ठ्या धुण्यात निघाल्या. त्यांनी काही वाईट केलं नाही. त्या फक्त आपापल्या घरी गेल्या, आणि मी एकटीच वाघमारे राहिले. आधी जेवढी होते त्याच्यापेक्षा एकटी.”

शाल्मलीनं वाडगा बाजूला ठेवला.

“मी घरीसुद्धा सांगितलं नाही हे. तू त्या दिवशी सहज म्हणालीस, मित्राचंच लावते. इतकं सहज म्हणालीस. मला वाटलं हीसुद्धा कौतुकानं लावेल, आणि एक दिवस जड झालं की हळूच खाली ठेवेल, आणि मला तेव्हा हसून म्हणावं लागेल, हरकत नाही. त्यापेक्षा द्यायचंच नाही. दोघी बायका, बरोबरी, नवं नाव, ते सगळं मी नंतर जुळवलं. ते खोटं नाही, पण ते कारण नव्हतं.”

ती आता पलंगाच्या काठावर बसली होती. हात मांडीवर होते. आवाज मागच्या ओळीपर्यंत जाईल असा नव्हता, समोरच्या एकाच माणसापर्यंत पोचेल एवढाच होता.

“मला नवं कधीच नको होतं, शालू. तू सामान घेऊन दारात उभी राहिलीस त्या दिवसापासून मला वाटत होतं, तू माझं आडनाव मागावंस.”